सुई उचलायची की नाही?

नक्षीदार टी-शर्टाचं किंवा गादीच्या खोळीचं कापड बहुधा गोल निटिंग मशीनवर नळीसारखं विणलं जातं आणि मग उभं चिरून सपाट केलं जातं. 30 इंच व्यासाच्या आणि इंचाला 24 सुया असलेल्या सिलिंडरवर साधारण 2,260 सुया बसतात. सुईपुढे पर्याय तीनच: पूर्ण टाका घालणं, धागा नुसता धरून ठेवणं किंवा जागची न हलणं. सगळी नक्षी यातूनच उमटते. पूर्वी ही निवड दातेरी चाकं आणि पट्ट्या करत, त्यामुळे नक्षी बदलायची तर अर्धं यंत्र उघडावं लागे. आता संगणक प्रत्येक सुईला वेगळा हुकूम देतो.

रंग वाढले की वेग मात्र घटतो. 72 फीडरचं, म्हणजे सुयांना धागा पुरवणाऱ्या 72 जागांचं, यंत्र एका फेरीत साध्या कापडाच्या 72 ओळी विणतं. तीन रंगांच्या जकार्डमध्ये, म्हणजे सुईगणिक निवड करून विणलेल्या नक्षीत, एका ओळीलाच तीन फीडर खर्ची पडतात, म्हणून ओळी फक्त 24. शिवाय कापड गोल फिरत विणलं जात असल्यानं ओळी जिन्यासारख्या चढत जातात, त्यामुळे चिरलेल्या कापडाच्या दोन कडांना आडव्या रेघा नेमक्या जुळत नाहीत. शिंप्यांची तक्रार रास्तच आहे!

दुकानात कापड उलटून पाहा. एकपदरी जकार्डच्या पाठीवर न विणलेले धागे मोकळे लोंबतात आणि लहान मुलांची बोटं त्यात हमखास अडकतात. दुपदरी जकार्डमध्ये डायलवरच्या, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या तबकडीतल्या, सुया तेच धागे पाठीत विणून टाकतात. कापड जड होतं, महागही.