गादीचे राखणदार : लेखांक सहावा
पाहुणा घरमालक केव्हा झाला?

आंबागडचा किल्ला भोसल्यांनी बांधलेला नाही. तुमसरच्या अंगणात उभा असलेला हा किल्ला, पण तुमसरकरांनाही हे दरवेळी सांगावं लागतं. 1700 च्या आसपास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या वतीने राजाखान पठाण या सुभेदाराने तो उभा केला. भोसल्यांकडे तो पुढे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजून मारत, अशी आठवण या भागात अजून सांगतात. मागे एकदा त्या तटाखाली बसून मी रघुजी भोसल्यांची बाजू मांडत होतो. सोबतच्या गावकऱ्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तुमचं बरोबर असंन भाऊ. पण पाहुण्यानं काम झाल्यावर घरी जावा लागते का नाही?’

रघुजींवरचा आरोप इतक्या थोडक्यात मी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला नाही. एका विधवा राणीने मदतीला बोलावलं, मदतीला आलेला सरदार राहिला, आणि बघता बघता राज्य त्याचं झालं. शाळेत आपण हेच शिकतो, नागपूरच्या महालात कुणी विचारलं तर हेच सांगतो. या मालिकेत आपण लहान, दुबळ्या किंवा भांडणाऱ्या राजांच्या गाद्या सांभाळणाऱ्यांची प्रकरणं तपासतो आहोत. आज पाळी आपल्याच घरची आहे, आणि मी वकीलपत्र रघुजींचं घेतलं आहे. अर्धं तरी.

आधी घर कुणाचं होतं ते पाहू. देवगडचं राज्य गोंडांचं. बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, म्हणून पुढच्या राजांची नावं चांदसुलतान, बुऱ्हाणशहा, अकबरशहा अशी दिसतात. ती वाचून पुष्कळांना हे मोगल सरदार वाटतात. ते गोंडच. नागपूर वसवण्याचं श्रेय बख्त बुलंदाला देतात, त्याला तटबंदी चांदसुलतानाने घातली. वैनगंगेकाठच्या आपल्या या मुलखातला पुष्कळसा भाग त्यांच्याच अमलाखाली होता.

1730 च्या दशकाच्या अखेरीस चांदसुलतान वारला. बख्त बुलंदाचा अनौरस मुलगा वलीशहा याने चांदसुलतानाच्या वारसाला, मीरबहादुरला, ठार करून गादी बळकावली. मागे राहिली राणी रतनकुंवर आणि तिची दोन लहान मुलं, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा. राणीने वऱ्हाडातून रघुजींना बोलावणं धाडलं.

रघुजींनाच का? ते परके नव्हते. चुलते कान्होजींशी बिनसलं तेव्हा तरुण रघुजी काही काळ चांदसुलतानाच्या पदरी राहिले होते. या घराचं मीठ त्यांनी खाल्लं होतं. पुढे शाहू महाराजांनी त्यांना सेनासाहेबसुभा केलं आणि वऱ्हाडातलं भाम हे त्यांचं ठाणं झालं. म्हणजे राणी पाठीशी फौज असलेल्या ओळखीच्या माणसाकडे गेली. घरात खून पडलेला, मुलं लहान. तिच्या जागी दुसरं कुणी काय करणार?

रघुजी आले. वलीशहाचा पाडाव झाला, राणीच्या मुलांना गादी मिळाली. रतनकुंवरने रघुजींना तिसरा मुलगा मानलं आणि तिसऱ्या मुलाचा म्हणून राज्याचा तिसरा हिस्सा तोडून दिला. ही वाटणी वाचली की मला हसू येतं आणि राणीबद्दल आदरही वाटतो. मोबदला तर द्यावाच लागणार होता. तिने त्याला घरातल्या वाटणीचं रूप दिलं आणि घेणेकऱ्याला भाऊबंद करून टाकलं. भाऊ म्हणून घेतलेला माणूस उद्या लुटायला आला तर चार लोकांत त्याची छी थू होईल, हा हिशेब तिच्या मनात असणारच.

आता वकिलाचं खरं काम सुरू होतं. हिस्सा घेऊन रघुजी परत गेले.

लोकांच्या आठवणीतून नेमकी हीच गोष्ट गळली आहे. आपण 1739 च्या सुमाराचा आणि 1743 चा असे दोन प्रसंग एकात कालवतो. मग असं चित्र उभं राहतं की रघुजी एकदा आले ते आलेच. गादीवर पोरं, फौज आपली, राणी उपकारात. राज्य गिळायला याहून सोपी वेळ रघुजींना पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी ते गिळलं नाही. उलट मराठी फौजांबरोबर पार कर्नाटकात उतरले. मे 1740 मध्ये दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली पडला, मार्च 1741 मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केलं. ज्याचा डोळा नागपूरवर आहे तो माणूस अशा वेळी शेकडो कोस दूर तमिळ मुलखात वेढा घालून बसत नाही. पहिल्या फेरीत रघुजी पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखेच गेले. जाताना शिदोरी जरा जड होती, एवढंच.

दुसरी फेरी 1743 ची. दोघे भाऊ आपसात भांडले. बुऱ्हाणशहाने रघुजींना हाक मारली. अकबरशहाला राज्य सोडून निजामाच्या आश्रयाला जावं लागलं. या वेळी मात्र रघुजी परतले नाहीत. भाम सोडून त्यांनी नागपुरात बिऱ्हाड केलं आणि सगळा कारभार हाती घेतला. बुऱ्हाणशहाच्या वाट्याला नेमणूक आली, किल्ला आला आणि राजा ही पदवी राहिली.

चार वर्षांत बदललं काय? माणूस तोच होता. माझ्या मते उत्तर देवगडात शोधून मिळत नाही, ते पूर्वेकडे आहे. मधल्या काळात रघुजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर रतनपूर घेऊन छत्तीसगडातून पुढे सरकले होते. 1742 मध्ये ते बंगालात शिरले. 1743 मध्ये त्याच बंगालवरून रघुजी आणि नानासाहेब पेशवे समोरासमोर आले, आणि शाहू महाराजांनी मध्ये पडून पूर्वेची वाटणी रघुजींच्या पदरात टाकली. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. वऱ्हाडातल्या भामहून बंगाल सांभाळता येत नाही. नागपूरहून येतो. आज रायपूरला जाणाऱ्या ट्रका ज्या दिशेने भंडारा, लाखनी, साकोली मागे टाकत जातात, त्याच दिशेला रघुजींचं भविष्य होतं. नागपूर त्यांना राज्य म्हणून हवं होतंच असं नाही, पण मुक्कामाचं ठिकाण म्हणून ते आता सोडवत नव्हतं. अशा वेळी घरातल्याच माणसाने दार उघडून आत बोलावलं.

हा खुलासा झाला, माफी नव्हे. गरज होती म्हणून दुसऱ्याचं घर ठेवून घेतलं, असं कोर्टात सांगून कुणी सुटत नाही.

तरी एक गोष्ट उरतेच. रघुजींनी बुऱ्हाणशहाला मारलं नाही, हाकललं नाही आणि त्याची पदवीही घेतली नाही. गादीवर बसणाऱ्या भोसल्याला टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला. काही महसुली कागदांना त्याची मोहोर लागे. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सचा नागपूर मुलखाचा अहवाल 1827 मध्ये छापून निघाला, तोवर भोसल्यांच्या चार पिढ्या होऊन गेल्या होत्या, आणि गोंड राजाचे हे मान त्यालाही नोंदवावे लागले. शंकेखोर वाचक म्हणतील, ही तर सोय होती. पेशव्यांनी हिशेब मागितला की राज्य गोंडांचं म्हणायचं, निजामाने हक्क सांगितला तरी तेच म्हणायचं. खरं आहे. साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने पुण्यात कारभार चालत होता, त्या काळात ही युक्ती कुणाला नवी नव्हती. पण सोयीसाठी पाळलेला मान चार पिढ्या पाळला गेला, तर त्याला नुसती सोय म्हणणं मला जड जातं.

या सगळ्याला मोजायचं कशाने? या मालिकेत आपण वारंवार ज्याच्याकडे जातो त्या चिनी माणसाकडे पुन्हा जाऊ. चौ-कुंग, म्हणजे चौ घराण्याचा सरदार. ख्रिस्तापूर्वी सुमारे 1046 मध्ये त्याचा भाऊ राजा वू याने शांग घराणं उलथवलं आणि थोड्याच वर्षांत तो मेला. गादीवर पोरगेला चंग आला, कारभार काकाकडे गेला. लगेच कुजबुज उठली की काकाच्या मनात पुतण्याबद्दल काळंबेरं आहे. कुजबुज उठवणारे दुसरेतिसरे कुणी नव्हते, सख्खे भाऊच होते, आणि त्यांनी हरलेल्या शांग राजपुत्राला हाताशी धरून बंडही केलं. चौ-कुंगने तीन वर्षं लढून ते मोडलं. नंतरच्या चिनी पंडितांतही वाद आहे की त्या काळात तो राजाच्या आसनावर बसत होता की बाजूला उभा राहत होता. बसत असेल असं धरून चालू. तरी सातव्या वर्षी, पुतण्या जाणता झाल्यावर, त्याने राज्य त्याच्या हाती दिलं आणि स्वतः प्रजेच्या जागी उभा राहिला.

त्याच्या बाजूचा दुसरा पुरावा म्हणजे एका पेटीची गोष्ट, ती त्यांच्या प्राचीन दस्तऐवजांच्या ग्रंथात आहे. भाऊ वू आजारी असताना चौ-कुंगने पितरांपुढे नवस केला होता की त्याच्याऐवजी मला न्या. तो नवस लिहून धातूने बांधलेल्या पेटीत ठेवला आणि साक्षीदारांना गप्प राहायला सांगितलं. पुढे चंगचं मन काकाबद्दल कलुषित झालं, तेव्हा वादळ सुटलं, उभी पिकं आडवी झाली. घाबरून पेटी उघडली, नवस वाचला आणि राजा रडला. गोष्ट सुंदर आहे, पण न्यायाधीश म्हणून मी ती बाजूला ठेवतो. अशा पेट्या बहुधा निकाल लागल्यावर सापडतात. सातव्या वर्षाचा पुरावा मात्र ठेवून घेतो.

कारण उलट उदाहरणही त्याच देशाने दिलं आहे. हजारेक वर्षांनी वांग मांग नावाच्या कारभाऱ्याने अगदी चौ-कुंगचंच नाव घेत एका दोन वर्षांच्या वारसाची गादी सांभाळायला घेतली. इसवी सन 9 मध्ये तो स्वतः सम्राट झाला. त्या दिवशी त्याने मुलाचा हात धरून डोळ्यांत पाणी आणलं आणि सांगितलं की चौ-कुंगला राज्य परत देता आलं, मला मात्र दैवी आज्ञेपुढे तसं करता येत नाही. पो च्यू-यी या तांग काळातल्या कवीने या दोघांना एका कवितेत शेजारी उभं केलं आहे. त्याचा प्रश्न असा की एकाभोवती अफवा होत्या आणि दुसऱ्याभोवती नम्रतेची ख्याती, तेव्हाच दोघे मेले असते तर कोण खरा आणि कोण खोटा हे कुणाला कळलं असतं?

रघुजींना या दोघांमध्ये उभं केलं की आंबागडच्या गावकऱ्याचा प्रश्न जास्त टोचतो. पहिल्या फेरीत ते चौ-कुंगपेक्षा फार मागे नाहीत. दुसऱ्या फेरीत त्यांचं सातवं वर्ष उगवलंच नाही. 1755 मध्ये ते वारले तेव्हा ओरिसा त्यांच्या हाती होता, बंगालची बारा लाखांची चौथ ठरली होती आणि बुऱ्हाणशहा अजून पेन्शनीचा राजा होता. तरी ते वांग मांग झाले नाहीत, कारण आपण राजा झालो असं म्हणण्याचा दिवसही त्यांनी कधी येऊ दिला नाही. राज्य घेतलं आणि राजेपण तिथेच ठेवलं. याला निष्ठा म्हणायला जीभ धजत नाही, पण गादीचोर म्हणण्याआधी 1739 ची ती परतीची वाट विसरायची नाही, एवढं तरी माझ्या अशिलासाठी मी मागतो. बंगालातल्या खेड्यांनी बारगिरांच्या हातून काय सोसलं तो वेगळा खटला आहे, आणि त्यात माझं वकीलपत्र नाही.

मला राहून राहून रतनकुंवरची गंमत वाटते. तिने एका सरदाराला मुलगा करून घेतलं आणि खरोखरच तो मुलासारखा वागला. आधी आपला हिस्सा घेऊन वेगळा झाला, मग सख्खे भाऊ भांडले तेव्हा मोठ्या भावाच्या थाटात येऊन घराचा कारभार पाहू लागला. आपल्या गावांतल्या सातबाऱ्यावरच्या भांडणांत याहून निराळं काय घडतं?

पुढच्या लेखात याच घराण्याचा चौथा अंक. 1 फेब्रुवारी 1817 च्या सकाळी नागपूरच्या वाड्यात परसोजी भोसले अंथरुणात मृत सापडले. त्यांचा कारभारी चुलतभाऊ अप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होता. खुनाचा बोभाटा झाला तो मात्र अप्पासाहेब इंग्रजांशी सीताबर्डीवर लढल्यानंतर. आणि पुढच्याच वर्षी आपल्या भंडारा जिल्ह्याच्या तेव्हाच्या हद्दीत, कामठ्याच्या चिमणा पटेलाने त्याच अप्पासाहेबासाठी बंड केलं.