संपून जाणारी भेट

दिवाळी जवळ आली की घरच्या घरी भेटवस्तू कशा कराव्यात याचे धडे चहूकडून सुरू होतात. तरटाचे तोरण, सुतळीने मढवलेली चौकट, काचेच्या बाटलीवर ॲक्रिलिकने काढलेली वारली नक्षी. हाताने केले म्हणून आपुलकीचे आणि खेडवळ दिसते म्हणून अस्सल, हे त्यामागचे गृहीत. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या जे स्वतः करून सणाला मांडले किंवा कोणाला दिले, त्याच्याशी हे गृहीत ताडून पाहिले तर ते डळमळते. त्या वस्तूंपैकी ज्या आजही कोणाला जड झालेल्या नाहीत, त्या बहुतेक टिकण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. काही खाल्ल्या जात, काही वाळून जात, काही पुढच्या सारवणाखाली जात. घरच्या कलाकुसरीचे खरे शहाणपण मला या संपण्यात दिसते.

हलव्याचे दागिने घ्या. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि तान्ह्याच्या बोरन्हाणाला लागणारा हा साज म्हणजे चिकाटीची परीक्षा. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा, खाली अगदी मंद आच ठेवायची, साखरेचा पाक चमच्याने थोडाथोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. प्रत्येक दाण्यावर पुटामागून पूट चढते आणि मग काटा फुटतो. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, हवेत गारवा नसेल तर काटा रुसतो. म्हणून पौषातली पहाट या कामाला बरी. असे तासन् तास राबून केलेले दाणे दोऱ्यात ओवून तन्मणी, बाजूबंद, बाळासाठी मुकुट आणि बासरी, जावयासाठी हार असा साज तयार होतो. तो एक संध्याकाळ अंगावर मिरवतो आणि नंतर मुले त्याचा फडशा पाडतात. आता हेच दागिने पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेले विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. भाड्याचे म्हटल्यावर ते खाता येणार नाहीत हे आलेच! एवढा एकच बदल झाला, पण भेट गेली आणि उरला फोटोसाठीचा पोशाख.

सजावटीतही तेच. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळे, नारळाची पेंड, सुपारीचे घोस, कवंडळ आणि रानातली पावसाळी फळेफुले टांगायची. मूर्तीबरोबर तिचाही मुक्काम संपतो. बांधणाऱ्याला कोणते फळ कोणत्या ओहोळाकाठी, कोणत्या आठवड्यात सापडते हे ठाऊक असावे लागते आणि दर भाद्रपदात हे ज्ञान पुन्हा कामाला लागते. माटवी टिकाऊ असती तर ती माळ्यावर गेली असती आणि रानाची वाट विसरली गेली असती. वारली लग्नचौकाचाही धर्म हाच होता. सवासिनींनी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहायचा, लग्न पार पडायचे आणि कालांतराने भिंत पुन्हा सारवली जायची. १९७०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागद पुरवला आणि हे चित्र टिकाऊ झाले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना त्यातून जगभर नाव मिळाले आणि २०११ साली पद्मश्रीही. हे चांगलेच झाले. त्यातून अनेकांना रोजगार मिळाला. पण कागदावरचे चित्र हा कलावंताचा व्यवसाय झाला, भिंतीवरचा चौक हा घराचा विधी राहिला, आणि आपल्या बाटलीवरची नक्षी या दोहोंपैकी कशातच बसत नाही.

टिकाऊपणाच्या हव्यासाने काय होते ते रुखवताने दाखवले. लोकरीचे तोरण, मण्यांची तुळस, काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला: महिनोन् महिने खपून केलेल्या या वस्तू लग्नात टेबलावर दिमाखात मांडल्या जात आणि पुढची वीस वर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटावर धूळ खात. वापरता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. नॉर्टन, मोचन आणि एरियली या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे कोडे काहीसे उलगडते. लोकांनी स्वतः घड्या घालून केलेले कागदी पक्षी त्यांना जाणकारांच्या कामाइतके मोलाचे वाटले. तिऱ्हाइतांना मात्र ते जवळजवळ कवडीमोल वाटले. म्हणजे हस्तकलेचे मोल करणाऱ्याच्या मनात फुगते आणि घेणाऱ्याने तेवढेच मोल करावे अशी अपेक्षाही राहते. याच प्रयोगांत केलेली वस्तू मोडून टाकली की हे प्रेम ओसरते, असेही आढळले. कोणी म्हणेल, मग संपणारी वस्तू देण्यात देणाऱ्याचा तोटाच की! मला तो फायदा वाटतो. हलवा खाऊन झाला की देणाऱ्याची अपेक्षा फिटते आणि घेणाऱ्यावर जपणुकीचे ओझे राहत नाही.

गोधडी टिकते, मग तिचे काय, ही शंका रास्त आहे. पण गोधडी टिकते ती झिजत झिजत. बाळाच्या दुपट्याला आजीचे जुने सुती लुगडे निवडतात, कारण शेकडो धुण्यांनी ते मऊ झालेले असते. आणि विरलेली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात अस्तर होऊन जाते. ती कपाटावर ठेवायला कोणी शिवत नाही.

यापेक्षा अवघड आक्षेप श्रमांचा आहे. संपणाऱ्या वस्तूंचे हे कौतुक बायकांच्या फुकट कष्टांवर उभे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिवाळीचा किल्ला आणि कंदील मुलग्यांकडे असत आणि तो खेळ मानला जाई. हलवा आणि रुखवत मुलींकडे असत आणि तिथे सासरची नजर गुण मोजत बसे. पण या अन्यायाचे मूळ त्या मोजणीत आणि सक्तीत आहे. परातीपाशी आळीपाळीने बसायला घरातल्या पुरुषांना कोणी अडवलेले नाही. वेळच नसेल तर मूठभर हलवा करावा आणि दागिन्यांचा नाद सोडावा. त्यात काही उणे नाही.

राहिला पर्यावरणाचा मुद्दा. घरी केलेले म्हणजे निसर्गस्नेही, असे सर्रास सांगितले जाते, आणि ते खरे नाही. मार्च २०१८च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्याआधी कितीतरी मखरे घरीच, हौसेने, हाताने कोरलेली असत. चमकी, गरम गोंद आणि प्लॅस्टिकची फुले हातानेच लावली तरी त्यांचा कचरा व्हायचा तो होतोच. माटवीलाही सूट नको: चुरशीपोटी, निव्वळ संख्या वाढवायला रान ओरबाडणे हे तिच्या मूळ स्वभावाविरुद्धच आहे.

आणि सगळेच घरी केले तर कारागिरांनी काय खावे? या प्रश्नाचे उत्तर दिवाळीच्या किल्ल्यातच आहे. माती, दगड, पोती घरची. तटाखाली पेरलेले अळीव चार दिवसांत उगवते आणि सण सरला की सारा डोंगर परसात किंवा कुंडीत परत जातो. मावळे मात्र कुंभाराकडून विकत आणलेले, आणि तेवढे डब्यात जपून ठेवायचे. कंदिलाचा कागद दर वर्षी घरी चिकटवायचा, कामट्या बुरुडाकडून घ्यायच्या. टिकाऊ हवे ते ज्याचा हात त्या कामात मुरला आहे त्याच्याकडून, त्याच्या भावाने, घासाघीस न करता घ्यावे. सावंतवाडीची लाकडी फळे घरी रंगवण्याचा खटाटोप कोणी करू नये. त्यापेक्षा घरी चकल्या कराव्यात.