रोमिओ, ज्युलिएट आणि आमची मुले

सुरत शहराच्या दक्षिण भागात, पांडेसऱ्याच्या उद्योगवसाहतीला लागून असलेल्या बमरोलीत व तिच्या आसपास मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या खानदेशी मुलुखातून पोटापाण्यासाठी आलेली ही माणसे यंत्रमागांवर आणि कापड रंगविण्याच्या कारखान्यांत राबतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्याच्या दारात हिंदी, अशा चार भाषांत त्यांची मुले वाढतात. या मुलांपैकी जी नववी-दहावीच्या वर्गापर्यंत पोहोचतात, त्यांच्या हाती शेक्सपिअरचे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ हे नाटक द्यावे की नाही, हा प्रश्न पालक आणि शिक्षक या दोघांनाही अडचणीत टाकणारा आहे.

पालकांची हरकत आम्हांला ठाऊक आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. रात्रपाळी करून पहाटे घरी येणारा बाप म्हणतो, “मुलीला शाळेत धाडतो ती शिकण्यासाठी. आईबापांना चोरून लग्न कसे करावे आणि शेवटी जीव कसा द्यावा, हे तिला कशाला शिकविता?” या प्रश्नाला “हे जगातले श्रेष्ठ नाटक आहे” एवढे उत्तर पुरत नाही. मुलांना प्रेमकथांची ओळख नाटकामुळे होते असेही नाही. ‘सैराट’ (२०१६) त्यांनी पाहिलेला असतो आणि याच नाटकाच्या कथेवर बेतलेला, गुजरातच्या पार्श्वभूमीवरचा ‘राम-लीला’ (२०१३) हा हिंदी चित्रपटही त्यांना परका नसतो. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की ही कथा मुलांनी एकट्याने मोबाइलच्या पडद्यावर पाहावी, की जाणत्या माणसाच्या सोबतीने वर्गात वाचावी? आमचे मत वर्गाच्या बाजूचे आहे. मात्र ती कशी वाचावी, यावर सारे अवलंबून आहे.

कवीने काय बदलले?

शेक्सपिअरने हे नाटक १५९५ च्या सुमारास लिहिले. कथा त्याची स्वतःची नव्हती. इटलीत लुईजी दा पोर्तो आणि मात्तेओ बांदेल्लो यांनी ती आधीच सांगितली होती व १५६२ साली आर्थर ब्रुक या इंग्रजाने तिच्यावर दीर्घ काव्य रचले होते. शेक्सपिअरने ब्रुकच्या काव्यात जे फेरफार केले, त्यांतच शिकविणाऱ्याला वाट सापडते.

ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने तिचे वय उतरवून तिला चौदावे वर्ष पुरे होण्यास दोन आठवडे आणि काही दिवस बाकी ठेवले. ब्रुकच्या काव्यात ही कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती पाच दिवसांत कोंबली. रविवारी सकाळी रस्त्यात मारामारी, रात्री मेजवानीत भेट, सोमवारी दुपारी गुप्त लग्न, लगेच द्वंद्वयुद्धात दोन मृत्यू आणि रोमिओला हद्दपारी. मंगळवारी ज्युलिएटवर दुसऱ्या लग्नाची सक्ती आणि आठवडा संपण्यापूर्वी थडग्यात तिघांची प्रेते. रोमिओच्या आईचा शोकाने झालेला मृत्यू धरला, तर एकूण सहा जीव गेले.

वय कमी केले आणि वेळही कमी केला. यावरून कवीचे लक्ष कोठे होते ते कळते. प्रेमाची थोरवी त्याने गाइली आहे, यात शंका नाही. परंतु त्याबरोबरच, कोवळी मुले घाईच्या प्रवाहात सापडली असता त्यांच्या भोवतालचे वडीलधारे काय करीत होते, हेही त्याने बारकाईने दाखविले आहे. हे नाटक जितके मुलांनी वाचावयाचे आहे, तितकेच ते आईबापांनीही वाचावयाचे आहे.

शेवट आधीच ठाऊक

नाटकाच्या आरंभी चौदा ओळींची एक प्रस्तावना आहे. तीत दोन घराण्यांचे वैर, प्रेमिकांचा मृत्यू आणि त्यांच्या मृत्यूने मिटणारे भांडण हे सारे सांगून टाकले आहे. विद्यार्थी विचारतात, “शेवट आधीच सांगितला, मग वाचावयाचे काय?” येथेच धड्याला खरा प्रारंभ होतो. पुढे काय होणार हा प्रश्न उरला नाही म्हणजे, “हे टाळता आले असते का, आणि कोणाला?” हा प्रश्न मोकळा होतो.

आम्ही सुचवितो ती रीत साधी आहे. फळ्यावर रविवारपासून पाच दिवसांचे पाच रकाने आखावेत. प्रत्येक प्रवेश वाचून झाला की, ज्या ठिकाणी कोणी एक माणूस थांबला असता, खरे बोलला असता किंवा दुसऱ्याचे ऐकून घेतले असते, तर गोष्ट निराळी झाली असती, ते ठिकाण मुलांनी शोधून त्या रकान्यात मांडावे. नाटक संपेपर्यंत फळा भरून जातो. नशिबाला दोष देणारी मुले हळूहळू माणसांची नावे घेऊ लागतात, आणि त्या नावांत मोठ्या माणसांची संख्या अधिक भरते.

अडलेले पत्र

फळ्यावरील एक ठिकाण सुरतेच्या मुलांना विशेष लवकर कळते. ज्युलिएट खरोखर मेलेली नसून औषधाने निजली आहे, हे कळविणारे पत्र घेऊन फ्रायर जॉन मांतुआ नगरास निघतो. वाटेत तो सोबतीसाठी आपल्याच संघाच्या एका बंधूकडे जातो. तो बंधू आजाऱ्यांची विचारपूस करीत असतो. घरात साथीचा रोग असल्याच्या संशयाने नगराचे तपासनीस दारे बंद करून दोघांनाही आत कोंडतात. पत्र जागच्या जागी राहते आणि ज्युलिएटच्या मृत्यूची खोटी बातमी मात्र रोमिओपर्यंत वेळेवर पोहोचते.

इतरत्र हा योगायोग ओढूनताणून आणलेला वाटेल. सुरतेत तसा वाटत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची साथ आल्याची बातमी पसरली आणि काही दिवसांतच लाखो लोक रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत माग बंद पडले आणि मजूर पुन्हा गावाच्या वाटेला लागले. अर्धी बातमी पूर्ण बातमीच्या पुढे कशी धावते आणि बंद दारामागे अडकलेल्या माणसाचा निरोप कसा जागीच राहतो, हे येथील घराघरांत माहीत आहे. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांनाही ते ठाऊक होते, कारण १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बराच काळ बंद होती. मुलांनी घरी जाऊन आजोबांना १९९४ सालची हकीकत विचारावी आणि मग हा प्रवेश पुन्हा वाचावा. चारशे वर्षांपूर्वीचे नाटक त्यांना शेजारचे वाटू लागेल.

धर्मगुरूची चूक

आमच्या वाचकांना फ्रायर लॉरेन्स या फ्रान्सिस्कन धर्मगुरूविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे. ब्रुकने आपल्या काव्याच्या प्रस्तावनेत अशा धर्मगुरूंवर आणि पापनिवेदनावरही कठोर टीका केली होती. शेक्सपिअरने तो सूर टाकून दिला. त्याचा लॉरेन्स मायाळू आहे. या विवाहामुळे दोन घराण्यांचे वैर शमेल, अशी त्याची शुद्ध आशा आहे. तरी त्याच्या हातून अनर्थ घडतो, कारण तो प्रत्येक अडचणीवर गुप्ततेचाच उपाय योजतो. विवाह गुप्त, औषध गुप्त, पत्र गुप्त. ज्युलिएटच्या बापासमोर उभे राहून “हिचे लग्न मी लाविले आहे” असे सांगण्याची वेळ त्याच्यावर आली होती. तो बोलला नाही. शेवटी थडग्यात पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो तिला एकटी सोडून निघूनही जातो.

गुप्त विवाहाचे हे संकट ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले होते. असे विवाह निषिद्ध असले तरी ग्राह्य धरले जात, आणि पुढे पुरुषाने नाकबूल केले तर स्त्रीच्या हाती काही राहत नसे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरविले की, विवाहाची घोषणा आधी तीन वेळा चर्चमध्ये जाहीरपणे व्हावी आणि धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांच्यावाचून झालेला विवाह विवाहच मानू नये. या नियमाकडे मुले जाच म्हणून पाहतात. लॉरेन्सची कथा वाचल्यावर त्यामागील काळजी त्यांना समजावून देता येते.

एका प्रवेशात तीन दारे बंद

आमच्या मते नाटकातील सर्वांत महत्त्वाचा प्रवेश सज्जातील प्रेमसंवादाचा नसून तिसऱ्या अंकातील पाचवा होय. आरंभी बाप म्हणाला होता की, मुलगी लहान आहे, दोन वर्षे थांबू आणि तिची संमती पाहू. घरात मृत्यू झाल्यावर तोच बाप गुरुवारी लग्न ठरवितो आणि मुलगी नाही म्हणताच तिला घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर उपाशी मरू देण्याची भाषा करतो. आई तोंड फिरविते. जिने तिला अंगावर पाजून वाढविले ती दाईही, पहिल्या नवऱ्याला विसरून दुसरे लग्न कर, असा सल्ला देते. तेरा वर्षांच्या मुलीला घरात बोलावयास कोणी उरत नाही. हा प्रवेश वाचताना वर्गात शांतता पसरते. मुलींना त्याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

येथे कायद्याचीही माहिती द्यावी. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरविले होते. ज्युलिएट त्यातही काही दिवसांनी कमी पडली असती. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचे वय १८ व मुलाचे २१ असावे लागते. देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) येथे सोबतीला घ्यावे. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी शारदा नदीवर जीव द्यावयास जाते, परंतु कोदंड वेळेवर पोहोचतो आणि ती वाचते. दोन नाटके शेजारी ठेवली म्हणजे वेळेवर पोहोचणाऱ्या एका माणसाचे मोल मुलांना कळते.

शेवटचा प्रवेश

शेवट शिकविताना शिक्षकाने फार जपावे. विष आणि खंजीर यांचा अभिनय वर्गात करवू नये. “प्रेमासाठी प्राण दिले” असे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू देऊ नये. रोमिओ घटकाभर थांबला असता, तर ज्युलिएट त्याच्या डोळ्यांदेखत जागी झाली असती, ही गोष्ट ठळकपणे सांगावी. असह्य वाटणारा क्षण ओसरतो, आणि तो ओसरेपर्यंत कोणाजवळ तरी बसावयाचे असते, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगण्यात संकोच कसला? ज्या मुलाला घरी बोलता येत नाही, त्याला शिक्षकाचे दार उघडे असावे. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा.

भाषेची अडचण आहेच. जुनी इंग्रजी या मुलांना पेलणार नाही. परंतु हे नाटक मराठीला नवखे नाही. नारायण बापूजी कानिटकरांनी १८८२ मध्येच त्याला ‘शशिकला आणि रत्नपाल’ हा मराठी वेष चढविला होता आणि मंगेश पाडगावकरांचे भाषांतरही उपलब्ध आहे. कथा मराठीतून सांगावी, मोजके प्रवेश मोठ्याने वाचावेत आणि मूळ इंग्रजीतील चार-दोन ओळी केवळ त्यांच्या नादासाठी ऐकवाव्यात. बाप आणि ज्युलिएट यांचा संवाद मुलांनी एकदा अहिराणीतून करून पाहावा. त्या बापाचा आवाज त्यांना ओळखीचा वाटेल, आणि त्याच्या रागामागील भीतीही.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलगी शाळेतून हे नाटक वाचून आली, तर पुस्तक हिसकावून घेऊ नका. जेवताना तिला ती गोष्ट सांगावयास लावा आणि मध्येच विचारा की, ज्युलिएटच्या बापाने काय करावयास हवे होते? उत्तर पुरते ऐकून घ्या. रोमिओच्या आणि ज्युलिएटच्या बापांनी मुलांच्या प्रेतांवर हात मिळविले आणि सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन दिले. त्यांची मुले बोलू शकत होती तेव्हा मात्र हे हात जुळले नव्हते.