पाटाकाठची मुरमाची वाट

नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीवर उभे असलेले आणि १९६५ मध्ये पूर्ण झालेले गंगापूर धरण शहराच्या नळांमुळे आणि परिसरातील बागायतीमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच्या डाव्या कालव्याला लागून मखमलाबाद, म्हसरूळ व आडगाव यांच्या शिवारांतून निफाड तालुक्याकडे जाणारी मुरमाची पट्टी रस्ता म्हणून क्वचितच कोणी विचारात घेतो. कालव्याच्या दारांपर्यंत आणि गळतीच्या जागांपर्यंत कर्मचाऱ्यांना पोहोचता यावे, गाळ काढणारी यंत्रे आत नेता यावीत, एवढ्याचसाठी काठावर राखलेल्या या पट्टीला पाटबंधारे खात्यात सेवापथ किंवा निरीक्षण पथ म्हणतात. रुंद टायरच्या, खडीवर चालण्यासाठी बनवलेल्या ज्या सायकलींना जगभर ग्रॅव्हल सायकल म्हटले जाते, त्यांना हवी तशी मोटारमुक्त वाट नाशिक जिल्ह्यात अशा रीतीने फार पूर्वीच, सायकलस्वाराचा विचारही न करता, तयार झालेली आहे.

या वाटेवर वाहने का नसतात, याचे उत्तर जलशास्त्रात सापडते. पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने पुढे जावे यासाठी कालव्याची आखणी समपातळीच्या रेषेला धरून करावी लागते आणि मोठ्या मातीच्या कालव्याला किलोमीटरमागे साधारणतः वीस-तीस सेंटिमीटरच उतार दिला जातो. परिणामी कालवा टेकाडाला वळसा घालतो, ओढा आला की त्याची घळ टाळत मागे सरकतो, आणि घळ टाळताच आली नाही तर जलसेतूवरून, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पुलावरून, पलीकडे जातो. त्याच्या काठची वाटही तितकीच सपाट आणि तितकीच वळणावळणाची असते. ज्याला आडगावहून ओझरला लवकर पोहोचायचे आहे, तो महामार्ग सोडून या फेऱ्यात पडणार नाही. वाहतुकीला येथे कोणी मज्जाव केला म्हणून नव्हे, तर तिच्या दृष्टीने ही वाट निरुपयोगी आहे म्हणून येथे शांतता टिकली आहे; आणि मुद्दाम आखलेल्या पुष्कळशा सायकलमार्गांना जे साधत नाही ते येथे अनायासे साधले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

जिल्ह्यात असे काठ अनेक आहेत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यापासून निघणारे गोदावरीचे डावा व उजवा हे कालवे विसाव्या शतकाच्या आरंभीचे असून ते कोपरगावच्या दिशेने जातात, तर वैजापूर-गंगापूरकडे पाणी नेणारा जलद कालवा त्यांच्या मानाने बराच अलीकडचा आहे. याच बंधाऱ्याच्या फुगवट्यात साचलेल्या गाळावर पाणपक्ष्यांचे अभयारण्य निर्माण झाले आणि २०१९ मध्ये त्याला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला. मुख्य कालव्यांतून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या आणि तेथून शेतातली सारणी, अशी पाण्याची जी उतरंड असते, तिच्या बहुतेक पायऱ्यांना समांतर कोठे बैलगाडीपुरती तर कोठे पायापुरती वाट असतेच.

पाटाच्या वाटा एकमेकींना जोडण्याचे काम पाणंद आणि शिवरस्ते करतात. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता आणि शेतांच्या बांधांमधून जाते ती पाणंद. गाव-नकाशावर त्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाजूचा चौरस हे लक्षात घेतले, तर साडेसोळा हा त्या बाजूचा अर्धा आणि सव्वाआठ हा पाव भाग असल्याचे दिसते, म्हणजे रस्त्याचे मापही शेताच्या मापातूनच आलेले आहे. कागदावरची ही रुंदी प्रत्यक्षात मात्र नांगराच्या प्रत्येक फेरीबरोबर कमी होत जाते. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदाराला दिलेला आहे आणि त्याखालील दावे आजही चालतात.

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील ज्या मार्गांचा सायकलस्वारांत बोलबाला आहे, त्यांचे मूळही असेच परक्या कामात आहे. १६८१ मध्ये पूर्ण झालेल्या कनाल द्यु मिदीच्या काठच्या वाटा नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होत्या, आणि बर्गंडीतील जिव्री ते क्लुनी हा १९९७ मध्ये खुला झालेला मार्ग बंद पडलेल्या रेल्वेच्या पट्टीवर घातलेला आहे. अशा मार्गांना तेथे ‘हरित मार्ग’ ही कायदेशीर संज्ञा मिळाली व मोटारींना तेथे बंदी झाली. दोन्ही ठिकाणांतला फरक असा, की फ्रान्समधील घोडा आणि आगगाडी दोन्ही निघून गेल्यावर सायकल आली. नाशिकचा पाट मात्र अजून कामावर आहे. आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीने पाणी सोडण्याचा काळ, सुरू झाले की पाटकऱ्याची फेरी वाढते, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या द्राक्षांच्या हंगामात क्रेट भरलेले पिकअप आणि ट्रॅक्टर याच मुरमावरून बाहेर पडतात. अशा वेळी बाजूला थांबून वाट देणे सायकलस्वाराकडे लागते.

जमिनीचा स्वभाव तर याहून निर्णायक ठरतो. त्र्यंबकच्या बाजूस पाऊस मोठा असला तरी मुरूम पाणी लवकर सोडतो. निफाडच्या काळ्या मातीत मात्र एका सरीनंतर चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखल असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात चिखलाची जागा काटे घेतात. बाभळीचा काटा निदान दिसतो, पण सराट्याची फळे धुळीत मिसळलेली असतात आणि ती कशीही पडली तरी त्यांचे एखादे टोक वर राहतेच. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, ट्यूब नसलेले आणि भोक आपोआप बुजवणारा द्रव आत घातलेले टायर येथे चैनीचे मानता येत नाहीत. ऑक्टोबरची उघडीप ते जानेवारीची थंडी हाच या वाटांचा खरा हंगाम होय.

नाशिकचे सायकल-जगातील नाव डांबरी रस्त्यावर मिळवलेले आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी रेस अक्रॉस अमेरिका ही स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारीही जाते. मुरमाची वाट या परंपरेच्या कडेला राहिली, याचे एक कारण तिच्या कायदेशीर स्थितीत आहे. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ नुसार कालव्याच्या बांधावरून नियमांविरुद्ध वाहने किंवा गुरे नेणे हा गुन्हा ठरतो. सायकलीला कोणी सहसा हटकत नाही, पण न हटकणे म्हणजे हक्क नव्हे.

शासनाच्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून पाणंदींचे खडीकरण होते, आणि ते शेतकऱ्याच्या गरजेचेच आहे, कारण पावसाळ्यात पीक बाहेर काढता न येण्याची अडचण सायकलस्वाराच्या हौसेपेक्षा कितीतरी मोठी असते. डांबर पडले की मात्र तीच पाणंद दुचाकींचा आडरस्ता बनते. दुसरीकडे, उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालून बंद नलिकांनी पाणी वाटण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आहे. जेथे ते प्रत्यक्षात येईल तेथे चारी आणि तिच्या काठची संपादित जमीन मोकळी होईल, आणि त्या चिंचोळ्या पट्टीवर लगतचा शेतकरी, ग्रामपंचायत आणि पाटबंधारे खाते असे तीन दावेदार उभे राहतील. सायकलस्वाराचा त्यांत समावेश नाही, आणि पट्टी सलग ठेवायची की गटागटाने वाटायची, हे ठरताना त्याला कोणी विचारण्याची आज तरी सोय नाही.