प्लगिनचा शोध, स्थापनेची सूचना आणि मराठी ज्ञानसामग्री

प्रस्तावना :
संकेतस्थळावरील चित्रफीत, सचेतन पाठ किंवा जुन्या ग्रंथाचे पान उघडण्यासाठी ब्राउझरला जोडावा लागणारा पूरक प्रोग्राम म्हणजे 'प्लगिन' होय. ते नसल्यास वाचकास स्थापनेची सूचना देण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप व मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

कार्यपद्धती :
पान उघडताच जावास्क्रिप्टद्वारे ब्राउझरमधील 'नॅव्हिगेटर.प्लगिन्स' ही यादी तपासली जाई. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही यादी निरुपयोगी असल्याने संबंधित अ‍ॅक्टिव्हएक्स घटक निर्माण करून पाहिला जाई. तो निर्माण न झाल्यास प्लगिन नाही असे मानून वाचकास स्थापनेचा दुवा दाखविला जाई.

मर्यादा :
१) महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास प्रोग्राम स्थापित करण्याचा अधिकार सहसा नसतो. त्यामुळे सूचना अचूक असूनही पाठ उघडत नाही.
२) अशा सूचनांना सरावलेला वाचक बनावट सूचनेसही बळी पडतो. २०११ मध्ये 'फ्लॅशबॅक' हा घातक प्रोग्राम फ्लॅश प्लेयरच्या स्थापनेचे रूप घेऊन मॅक संगणकांत शिरला.
३) प्लगिन अल्पायुषी असते. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगिन्स पूर्णतः बंद केली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला.

मराठी संदर्भ :
'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'वरील मराठी ग्रंथांची पाने टिफ स्वरूपात होती. ती ब्राउझरमध्ये पाहण्यासाठी स्वतंत्र प्लगिन लागे. ग्रंथ सर्वांसाठी खुला असूनही प्लगिनअभावी तो वाचकास बंदच राही. याउलट सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी महाजालावर युनिकोड मजकुराच्या रूपात आहेत. त्या वाचण्यासाठी प्लगिन लागत नाही. मोबाइलवरही त्या वाचता व शोधता येतात.

निष्कर्ष :
आजच्या प्रमुख ब्राउझरांत वरील यादी ठरावीक असून तिच्यावरून केवळ पीडीएफ दाखविण्याची सोय आहे की नाही, एवढेच समजते. म्हणून प्लगिन शोधण्याऐवजी ब्राउझरची क्षमता तपासावी आणि ती नसल्यास पर्यायी मजकूर वा चित्र द्यावे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपल्या संकेतस्थळांवरील व सीडींवरील फ्लॅश पाठांची सूची करावी, मूळ फाइली जतन कराव्यात आणि पाठ एचटीएमएल ५ मध्ये रूपांतरित करावेत. तोपर्यंत 'रफल' हा मुक्त प्रोग्राम संकेतस्थळावरच बसविल्यास अनेक जुने पाठ चालू शकतात. विद्यार्थ्यास काहीही स्थापित करावे लागत नाही. सामग्री वाचनीय ठेवण्याची जबाबदारी वाचकाची नसून ती प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेची आहे.