साधन कोणाच्या हाती? स्वतंत्र ॲनिमेटरांची तीस वर्षे

ॲनिमेशन ही मुळात अनेक हातांची कला मानली गेली. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा वापरले तरी सेकंदाला बारा चित्रे काढावीच लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या पटासाठी ७,२०० चित्रे झाली. मुख्य चित्रकार, मधली चित्रे भरणारे, पारदर्शक सेल्युलॉइडवर रंग देणारे, कॅमेरा चालविणारे, एवढा वर्ग पोसण्याची ऐपत ज्याच्यापाशी, बहुधा त्याच्याच कथा पडद्यावर येत. गेल्या तीस वर्षांत ही अट शिथिल झाली. घरी बसून एकटा मनुष्य ॲनिमेशनपट तयार करू लागला व तो इंटरनेटद्वारे जगापुढे ठेवू लागला. हे कशामुळे घडले आणि त्यात कोणता धोका दडलेला होता, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

१९९६ साली अमेरिकेत फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम निघाला. वर्षअखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने तो विकत घेतला आणि त्याचे नाव फ्लॅश ठेवले. त्याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. संगणक सामान्यतः चित्र ठिपक्याठिपक्यांनी साठवितो व त्यामुळे फाइल जड होते. फ्लॅशने चित्र रेषेच्या गणितात साठविले: रेषा कोठून निघाली, किती वळली, तिच्या आत कोणता रंग आहे. पात्राचा हात एकदा काढून ठेवला की तोच पुन्हा पुन्हा वापरता येई. आरंभीची व शेवटची स्थिती ठरवून दिली की मधल्या स्थिती संगणक स्वतः भरून काढी. यामुळे श्रम वाचले. शिवाय फाइल इतकी लहान झाली की टेलिफोनच्या तारेवरून रांगत येणाऱ्या तेव्हाच्या इंटरनेटवरही ती पाहणाऱ्याच्या घरी पोहोचू शकली. आमच्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची होय. एकट्याने चित्रे काढणारे पूर्वीही होते. त्यांच्यापाशी चित्रपटगृह नव्हते.

मग पीक जोमाने आले. टॉम फल्प यांच्या न्यूग्राउंड्स या संकेतस्थळावर २००० सालापासून कोणीही आपली कृती मांडू शके, व ती ठेवावी की काढावी हे पाहणारेच मत देऊन ठरवीत. त्यात सवंग व हिंसक माल पुष्कळ होता, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्याच काळात अटलांटाच्या माइक व मॅट चॅपमन या बंधूंनी 'होमस्टार रनर' ही मालिका जाहिराती न घेता, सदरे व तत्सम वस्तू विकून चालविली. नीना पेली यांनी २००८ साली 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा ८२ मिनिटांचा पट जवळजवळ एकटीने, मुख्यतः फ्लॅशवर पूर्ण केला. त्यात सीतेच्या त्यागाची कथा आणि पेली यांचा स्वतःचा मोडलेला संसार शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. छायाबाहुल्यांच्या रूपातील तीन भारतीय निवेदक कथेविषयी आपसांत शंका काढीत ती सांगतात. कोणत्या निर्मात्याने अशा कल्पनेवर पैसा लावला असता?

तथापि या साऱ्या उभारणीचा पाया परक्याच्या मालकीचा होता. फ्लॅशची फाइल म्हणजे तयार चित्रफीत नव्हे. ती सूचनांची यादी असून, त्या सूचना वाचणारा फ्लॅश प्लेअर संगणकावर असेल तरच चित्र हलते. हा प्लेअर २००५ मध्ये ॲडोबी कंपनीकडे गेला. ॲपलने आपल्या आयफोनवर त्यास प्रवेश दिला नाही, आणि एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी सुरक्षितता व बॅटरीचा वापर ही कारणे देत त्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला. ती कारणे खोटी नव्हती. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने प्लेअरचा आधार काढून घेतला व १२ जानेवारी २०२१ पासून तो फ्लॅशच्या फाइली चालविण्याचेच नाकारू लागला. कलावंतांचा त्यात काही दोष नव्हता.

वाचकांना येथे अशोकाचे शिलालेख आठवतील. अक्षरे दगडावर शाबूत होती. परंतु लिपी वाचणारा उरला नव्हता, आणि जेम्स प्रिन्सेप यांना ती १८३७ च्या सुमारास उलगडेपर्यंत ते लेख मुकेच राहिले. फ्लॅशच्या बाबतीत हे काम रफल या मुक्त प्रोग्रॅमने हाती घेतले. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच साहाय्याने जुन्या कृती पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. जुन्या कृतींची चित्रफीत करून ठेवणे एवढेच पुरेसे नसते. 'होमस्टार रनर'मध्ये पडद्यावर योग्य जागी टिचकी मारली असता दडलेले प्रसंग उघडतात. चित्रफितीत ते नाहीसे होतात.

याच्या उलट ब्लेंडरची हकीकत आहे. नेदरलँड्सच्या टोन रोसेंडाल यांनी घडविलेल्या या प्रोग्रॅममागची कंपनी २००२ साली बुडाली. गुंतवणूकदार एक लाख युरो घेऊन त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखित मसुदा, मुक्त करण्यास राजी झाले. लोकवर्गणीतून ती रक्कम सात आठवड्यांत उभी राहिली व १३ ऑक्टोबर २००२ रोजी मसुदा सर्वांसाठी खुला झाला. आता कोणतीही कंपनी उठली वा बसली तरी हे साधन कोणी परत घेऊ शकत नाही. लाटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस यांनी २०१९ चा 'अवे' हा पट एकट्याने केला होता. पुढे लहानशा चमूसह ब्लेंडरवर केलेल्या, एकही संवाद नसलेल्या 'फ्लो' या २०२४ च्या पटास मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. हाताने रेखाटन करणाऱ्यांसाठी ब्लेंडरमध्येच ग्रीस पेन्सिल आहे, आणि जपानमधील जिब्ली चित्रसंस्थेने वापरलेल्या टून्झवर आधारित ओपनटून्झ २०१६ पासून विनामूल्य मिळते. अर्थात विनामूल्य म्हणजे विनासायास नव्हे. ब्लेंडर अंगवळणी पडण्यास काही महिने द्यावे लागतात, आणि संगणकही बऱ्यापैकी लागतो.

साधन मुक्त झाले तरी रस्ता अद्याप परक्याचाच आहे. २०१२ साली यूट्यूबने चित्रफितींचा क्रम लावताना किती जणांनी पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले यास महत्त्व दिले. दोन मिनिटांच्या पटासाठी दोन महिने राबणारा ॲनिमेटर त्यात मागे पडला. स्थिर चित्रांवर दहा मिनिटे बोलणारा पुढे गेला. म्हणून अनेक जण २०१३ साली निघालेल्या पॅट्रिऑनसारख्या व्यवस्थेतून थेट प्रेक्षकांकडूनच मासिक वर्गणी घेतात, आणि मूळ फाइली स्वतःजवळ जपून ठेवतात.