तुरीचा जीनोम आणि ध्रुवपदाचा पेच

दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात कपाशी, हरभरा आणि तुरीची शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर. ऐन फुलोऱ्यात उभी तूर वाळू लागली की शेतकरी ओळखतो, मर रोग आला. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे रोगाला दाद न देणारे वाण हाच परवडणारा उपाय.

असे वाण लवकर घडवायचे तर प्रतिकाराची जनुके नेमकी कुठे आहेत, हे कळायला हवे. त्यासाठी तुरीचा जीनोम, म्हणजे सुमारे ८३ कोटी अक्षरांचा मजकूर वाचावा लागतो. पण यंत्र तो सलग देत नाही; छोट्या छोट्या तुकड्यांचा ढीग देते. तो जुळवण्याचे काम सॉफ्टवेअरचे.

भजनाच्या एकाच वहीच्या शेकडो प्रती वेगवेगळ्या जागी फाडल्या, तर एका कपट्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो. सॉफ्टवेअर असेच धागे शोधते. पेच पडतो तो ध्रुवपदाशी. ते प्रत्येक कडव्यानंतर तेच. मग हाती आलेला कपटा कुठल्या कडव्यामागचा? तुरीच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग अशाच पुनरावृत्तीचा आहे.

२०११ मध्ये नागेंद्रकुमार सिंह यांच्या भारतीय चमूने तुरीच्या ‘आशा’ वाणाचा मसुदा मांडला: ५१ कोटी अक्षरे, ४७,००४ जनुके. त्याच वर्षी हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’मधील राजीव वार्ष्णेय आणि सहकाऱ्यांनी ‘सोपडीनोव्हो’ हे सॉफ्टवेअर वापरून त्याच वाणाची साडेसाठ कोटी अक्षरे जुळवली, जनुके ४८,६८०. जीनोमच्या सुमारे २८५ पट माहिती जमवूनही २७ टक्के भाग बाहेरच राहिला.

वाण एक, आकडे दोन. यात कोणी खोटे नाही; वाचण्याची आणि जुळवण्याची पद्धत बदलली की चित्र बदलते. पण हवे ते जनुक सुटलेल्या भागात असेल, तर पैदासकाराला ते सापडणार नाही. तुकडे चुकीचे जोडले गेले, तर काही हंगामांची मेहनत वाया जाईल.

आताची यंत्रे हजारो अक्षरांचे सलग तुकडे वाचतात. ध्रुवपदासोबत मागचे-पुढचे कडवेही हाती येते आणि रिकाम्या जागा भरतात. तरीही नव्या वाणाची खरी परीक्षा होते ती मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवलेल्या शेतातच.